कुजलेल्या यकृतातून फेंटानिल शोधताना

मृत्यूला बरेच दिवस उलटले असतील, तर तपासण्याजोगं रक्त शरीरात उरत नाही. मग शवविच्छेदन करणारे डॉक्टर यकृताचा, मांडीच्या स्नायूचा किंवा मेंदूचा तुकडा बरणीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. झाकण काढलं की आत दिसतो तो हिरवट-तपकिरी लगदा. त्यात फेंटानिल, म्हणजे अफूसारखं काम करणारं कृत्रिम वेदनाशामक, आहे का, हे सांगायचं असतं.

फेंटानिल मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र. त्यामुळे जीव घ्यायला ते फार थोडं पुरतं, आणि ग्रॅमभर लगद्यात ते नॅनोग्रॅममध्येच सापडतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

खरी अडचण आहे कुजण्याची. जिवाणू प्रथिनं फोडतात तेव्हा त्यांतल्या लायसिन या अमिनो आम्लापासून कॅडॅव्हरिन बनतं, फेनिलअ‍ॅलनिनपासून फेनेथिलअमिन. ही अमिनं, म्हणजे नायट्रोजन असलेली संयुगं, अल्कधर्मी असतात आणि फेंटानिलही अल्कधर्मीच. शिवाय फेनेथिलअमिनमधला फेनेथिल गट फेंटानिलच्या रेणूतही जसाच्या तसा आहे. चोर आणि शेजारी एकाच चेहऱ्याचे!

मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून त्यांना ओळखणाऱ्या यंत्राचं, कौतुक सगळेच करतात. पण माझ्या मते निकालाचा भरवसा ठरतो तो त्याआधी, टेबलावर. तुकडा वजन करून पाण्यात किंवा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) एकजीव होईपर्यंत घोटतात. त्यात लगेच, इतर काहीही करण्याआधी, मोजून घालतात फेंटानिलचं जुळं भावंड: तोच रेणू, फक्त ५ हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप. पुढच्या धुण्या-गाळण्यात अर्धं फेंटानिल वाया गेलं, तर जुळंही अर्धंच उरतं आणि दोघांचं गुणोत्तर टिकतं. मात्र जुळं वरून ओतलेलं असतं, खरं औषध पेशींत मुरलेलं. घोटण्यात कसूर झाली, तर हा हिशोब फसतो.

मग थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइल ओततात. प्रथिनांचा पांढरट साका होतो, सेंट्रिफ्यूजमध्ये तो तळाशी बसतो. वरचा द्रव आम्ल करून कार्ट्रिजमधून, म्हणजे बारीक कण भरलेल्या छोट्या नळीतून, सोडतात. आम्लात फेंटानिलवर धन प्रभार येतो आणि ते कार्ट्रिजमधल्या ऋण प्रभाराच्या कणांना चिकटतं. मिथेनॉलने धुतलं की स्निग्ध पदार्थ निघून जातात. हे महत्त्वाचं, कारण फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ) राहिले तर यंत्रातला संकेत दबतो. शेवटी अमोनिया मिसळलेलं द्रावक घातलं की प्रभार जातो, पकड सुटते.

कुजण्यातली काही अमिनं तरीही सोबत येतातच. यंत्रात फेंटानिलचा ३३७ वस्तुमानाचा आयन फुटून १८८ आणि १०५ चे तुकडे पडतात. १०५ चा तुकडा फेनेथिलअमिनही देतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबत नाहीत. दोन्ही तुकडे, त्यांचं प्रमाण आणि यंत्राआधीच्या, रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, सगळं जुळावं लागतं.

उरलेला लगदा गोठवून ठेवावा, असं मी आग्रहाने म्हणेन. नायटाझिन गटाचे रेणू, तेही अफूसारखंच काम करणारे, १९५०च्या दशकात वेदनाशामक म्हणून तयार झाले, पण औषध म्हणून कधी आले नाहीत. २०१९च्या सुमारास ते अमली पदार्थांच्या बाजारात दिसू लागले. ज्यांच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते, त्यांना ते दिसलेही नाहीत. अशा वेळी गोठवलेल्या नळीतला तोच ग्रॅमभर लगदा पुन्हा टेबलावर घेता येतो.