कार्टून पात्रांची स्वामित्वहक्कातून मुक्तता

व्यंगपटातील किंवा चित्रमालिकेतील पात्रावरचा स्वामित्वहक्क मुदतीअंती संपला, की ते पात्र ‘पब्लिक डोमेन’मध्ये आले असे म्हणतात, मग कोणीही ते विनापरवाना आणि विनामोबदला वापरू शकतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मिकी माउसचे आहे. वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांचा ‘स्टीमबोट विली’ हा लघुपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी मुक्त झाला.

मूळच्या १९०९ च्या अमेरिकन कायद्यानुसार ही मुदत नूतनीकरणासह ५६ वर्षांची, म्हणजे १९८४ पर्यंतची होती. १९७६ च्या कायद्याने ती ७५ वर्षांवर आणि १९९८ च्या कायद्याने ९५ वर्षांवर नेली. या शेवटच्या वाढीसाठी डिस्ने कंपनीनेही जोर लावल्यामुळे टीकाकारांनी त्या कायद्याला ‘मिकी माउस संरक्षण कायदा’ असे नाव दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो वैध ठरवला. त्याची खरी किंमत मात्र मिकीपेक्षा विस्मृतीत गेलेल्या असंख्य कृतींनी मोजली, कारण १९९९ ते २०१८ या वीस वर्षांत मुदत संपून एकही प्रकाशित कृती तेथे मुक्त झाली नाही.

मुक्त होते ते पात्राचे त्या त्या वर्षीचे रूप, हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग आहे. २०२४ मध्ये खुला झाला तो कृष्णधवल, हातमोजे नसलेला मिकी. हातमोजे १९२९ च्या लघुपटात आले, म्हणून ते २०२५ मध्ये खुले झाले. तसेच १९२९ च्या चित्रमालिकेत अवतरलेला आणि २०२५ मध्ये अमेरिकेत खुला झालेला पॉपाय हा खलाशी नंतरच्यासारखा पालक खाऊन बलवान होत नसे, तर एका जादुई कोंबडीच्या डोक्यावर हात फिरवून संकटातून तरत असे. नंतरच्या कृतींवरील हक्क त्यांत नव्याने भर पडलेल्या तपशिलांपुरताच उरतो, हे तत्त्व २०१४ मध्ये शेरलॉक होम्सविषयीच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले.

व्यापारचिन्हाचा हक्क याहून वेगळा आहे आणि चिन्ह वापरात असेपर्यंत तो संपत नाही. ‘स्टीमबोट विली’तील शीळ घालणारा मिकी डिस्नेच्या अॅनिमेशन स्टुडिओने २००७ पासून बोधचिन्हात वापरला आहे. त्यामुळे नव्या निर्मात्याने मिकी जरूर रंगवावा, पण आपली कृती डिस्नेचीच आहे असा ग्राहकाचा समज होऊ देऊ नये.

मुदती देशोदेशी भिन्न असतात. युरोपीय संघात त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे चालतात. पॉपायचे जनक सीगार १९३८ मध्ये वारल्याने तो तेथे २००९ मध्येच, अमेरिकेच्या १६ वर्षे आधी, मुक्त झाला. टिनटिन या बेल्जियन चित्रकथांच्या नायकाचे नेमके उलट आहे. त्याची १९२९ ची पाने अमेरिकेत २०२५ मध्ये खुली झाली, परंतु त्याचे जनक हर्जे १९८३ मध्ये वारल्यामुळे युरोपात त्याच्यावरील हक्क २०५३ अखेरपर्यंत राहील. भारतात लेखन आणि चित्र यांसाठी मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत असल्याने येथील चित्रकारांना टिनटिनसाठी २०४३ संपेपर्यंत थांबावे लागेल.