थायरॉइडची कमतरता आणि पोषणपूरके

गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली असलेली थायरॉइड ऊर्फ अवटू ग्रंथी गरजेपेक्षा कमी संप्रेरक बनवू लागली की त्या अवस्थेला अवटुन्यूनता किंवा हायपोथायरॉइडिझम म्हणतात. अशा रुग्णांना आयोडीन, सेलेनियम, लोह, जस्त, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व, बायोटिन, अश्वगंधा अशी अनेक पूरके सुचवली जातात. ‘थायरॉइड सपोर्ट’ अशा नावाने ती एकत्र करूनही विकली जातात. यांतले प्रत्येक पूरक एकाच प्रश्नावर तपासावे लागते: या माणसाच्या शरीरात त्या घटकाची कमतरता आहे का? असेल तर पूरकाचा उपयोग होतो. नसेल तर जास्त घेतल्याने ग्रंथी जास्त काम करू लागत नाही. कमी पडणाऱ्या संप्रेरकाची जागा लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या थायरॉइड संप्रेरकाची, गोळीच भरून काढते. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णाला कच्चा माल कितीही पुरवला, तरी तो वापरणारा कारखानाच उरलेला नसतो.

कच्चा माल म्हणजे काय, हे आधी पाहू. ग्रंथीतून मुख्यतः थायरॉक्सिन ऊर्फ टी-४ बाहेर पडते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हे आयोडीन जोडणारे विकर, थायरॉइड पेरॉक्सिडेज ऊर्फ टीपीओ, लोहावर चालते. पुढे यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांत टी-४ मधला एक आयोडीन अणू काढून अधिक प्रभावी टी-३ तयार होते, आणि ते काम करणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. टायरोसिन हे अमिनो आम्लही या साखळीत आहे. पण ते प्रथिनांतून मिळते आणि शरीर स्वतःही बनवते, त्यामुळे टायरोसिनच्या कॅप्सूलवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

आयोडीन

प्रौढ व्यक्तीला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला सुमारे २५०. भारतात ते प्रामुख्याने मिठातून मिळते. यामागे हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग आहे: खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवले, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांतले गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हा फक्त हिमालयाच्या पायथ्याचा आजार नव्हता. महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातही त्याचे पट्टे आढळले होते.

कायद्यानुसार घरात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते, म्हणजे एका ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात गेले तर १२० मायक्रोग्रॅम झाले. त्यातले काही शिजवताना जाते, तर काही दूध, अंडी आणि समुद्री मासळी भरून काढतात. उघड्या बरणीत शेगडीजवळ ठेवलेल्या, ओल लागलेल्या मिठातले आयोडीन हळूहळू कमी होते. झाकणाचा डबा आणि स्वयंपाकाच्या शेवटी घातलेले मीठ हा त्यावरचा साधा उपाय.

अडचण येते ती मीठ बदलले की. शेंदेलोण, गुलाबी मीठ किंवा बाजारात सुटे मिळणारे जाडे मीठ आयोडीनयुक्त असेलच असे नाही. उपवासापुरते शेंदेलोण वापरल्याने काही बिघडत नाही, पण ‘नैसर्गिक’ म्हणून घरातले सगळे मीठ बदलले आणि घर शाकाहारी असेल, तर आयोडीनचा मुख्य झराच आटतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे: तिथले बहुतेक मीठ आयोडीनयुक्त नसते, लोकांना आयोडीन प्रामुख्याने दूध-मासळीतून मिळते, आणि दूध सोडून बदामाचे किंवा ओटचे पेय घेणाऱ्याचा तोही मार्ग बंद होतो.

आयोडीनयुक्त मीठ नियमित खाणाऱ्या रुग्णाला मात्र वेगळे आयोडीन देऊ नये. अशा लोकांत अवटुन्यूनतेचे सर्वांत मोठे कारण हाशिमोतोचा आजार हे असते. १९१२ मध्ये जपानी वैद्य हाकारू हाशिमोतो यांनी वर्णन केलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. एकदम भरपूर आयोडीन आले की कोणतीही ग्रंथी तात्पुरती संप्रेरक बनवणे थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून बाहेर पडते, हाशिमोतोग्रस्त ग्रंथीला बऱ्याचदा ते जमत नाही, आणि कमतरता आणखी वाढते. समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्यांत आयोडीन किती आहे याचा भरवसा नसतो. लुगॉल द्रावणाच्या, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या तीव्र आयोडीनच्या, ‘थेंब थेंब’ उपचाराचा हिशेब तर धडकी भरवणारा आहे: पाच टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे सहा मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चाळीस पट.

सेलेनियम

सेलेनियमची रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम आहे. हाशिमोतोच्या रुग्णांना रोज २०० मायक्रोग्रॅम दिल्यावर टीपीओविरोधी प्रतिपिंडे कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण प्रतिपिंडांचा आकडा उतरला म्हणजे थकवा गेला किंवा गोळीचा डोस कमी झाला असे नव्हे; तसा फायदा खात्रीने सिद्ध झालेला नाही. अहवालावरचा आकडा खाली आला की रुग्ण सुखावतो, म्हणून हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

सेलेनियमची सुरक्षित पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी असते. अमेरिकी वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मल्टिव्हिटॅमिन, ‘हेअर-नेल’ची गोळी आणि थायरॉइडचे मिश्रण अशी तिन्ही चालू असतील, तर बेरीज कधी मर्यादा ओलांडते हे कळतही नाही. ब्राझील नट खाणाऱ्यांनीही जपावे. एकाच बीमध्ये ५० ते ९० मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही जास्त सेलेनियम असू शकते. अतिरेकाची लक्षणे म्हणजे केस गळणे, नखे ठिसूळ होऊन तुटणे, श्वासाला लसणासारखा वास. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवरच्या आकड्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले आणि २०१ जणांना विषबाधा झाली. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीनेच केस गळू लागणे हा इथला खरा धोका आहे, कारण तेच लक्षण अवटुन्यूनतेचेही असते आणि रुग्ण डोस आणखी वाढवतो.

लोह, ब-१२, ड

पूरकांपैकी सर्वाधिक उपयोग होतो तो लोहाचा, आणि दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. अवटुन्यूनतेत मासिक पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह घटते आणि टीपीओ विकराचे काम आणखी मंदावते. हिमोग्लोबिन बरे दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन, तपासावे. ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरून चालतात. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे पीयूष ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉइड कमी पडला की ते वाढते) सुधारूनही थकवा आणि केसगळती राहिली असेल, तर पुष्कळदा कारण इथे सापडते.

ब-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नेहमीची आहे. हाशिमोतोच्या काही रुग्णांत जठराच्या अस्तरावरही तसाच प्रतिकारयंत्रणेचा हल्ला होतो. मग आम्ल कमी पडते आणि ब-१२, लोह, थायरॉइडची गोळी या तिघांचेही शोषण बिघडते. डोस वाढवत नेऊनही टीएसएच उतरत नसेल तर ही शक्यता तपासावी.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढायचेच. त्याने थायरॉइड सुधारते असा ठाम पुरावा नाही. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले रुग्ण डॉक्टरांना दिसतात. जस्ताची गोळी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास तांब्याची कमतरता होते.

गोळीची वेळ

लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास दुधाचा चहा, कॉफी, नाश्ता काही नाही. लोह आणि कॅल्शियम आतड्यात या गोळीला चिकटून बसतात आणि ती शोषली न जाता बाहेर पडते, म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. १९९२ च्या एका अभ्यासात १४ रुग्णांना थायरॉइडच्या गोळीसोबतच ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट दिले गेले. बारा आठवड्यांत सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. गोळी तीच, डोस तोच.

व्यवहारात पुढची चूक याहून मोठी होते. कॅल्शियम नाश्त्याबरोबर सुरू होते, टीएसएच चढतो, डॉक्टर ५० मायक्रोग्रॅमचे ७५ करतात, मग १००. काही महिन्यांनी कॅल्शियम संपते, पेशंट ते पुन्हा आणत नाही, आणि आता १०० ची पूर्ण गोळी शोषली जाऊ लागते: छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे. यात कोणाच्याच लक्षात कॅल्शियम येत नाही. म्हणून कोणतेही पूरक सुरू करताना आणि बंद करतानाही सांगावे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचा असल्याने त्याआधीचा आकडा स्थिरावलेला नसतो.

सकाळी जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते. मात्र बद्धकोष्ठासाठी झोपताना इसबगोल घेणाऱ्यांनी ते संध्याकाळी आधी उरकावे. सोयाचे प्रोटीन पावडर आणि आम्लपित्ताच्या गोळ्याही शोषणाच्या आड येतात.

बायोटिन आणि रक्ततपासणी

केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असते. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची. एवढे बायोटिन ग्रंथीला काही करत नाही, पण प्रयोगशाळेतली चाचणी बिघडवते. अनेक यंत्रे बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचे प्रथिन यांच्या घट्ट बंधावर चालतात. रक्तात आधीच बायोटिन भरलेले असले की टीएसएच खोटा कमी आणि टी-४, टी-३ खोटे जास्त दिसतात. अहवाल वाचणाऱ्याला वाटते की डोस जास्त होतोय, आणि गरज असलेली गोळी कमी केली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. रक्त शक्यतो दरवेळी सकाळी त्याच सुमारास द्यावे, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो.

सौम्य अवस्थेत, म्हणजे टी-४ सामान्य आणि टीएसएच ४.५ ते १० दरम्यान असताना, तो कित्येकदा काहीही न करता पूर्ववत होतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर आकडा उतरलेला दिसतो आणि श्रेय मधल्या काळात घेतलेल्या पूरकाला जाते. बाजारातल्या बऱ्याच अनुभवकथनांचे मूळ हेच आहे.

अश्वगंधा आणि मिश्रणे

अश्वगंधेच्या मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम आठ आठवडे दिल्यावर सौम्य अवस्थेतल्या रुग्णांचा टीएसएच उतरल्याचे २०१८ च्या एका चाचणीत दिसले. सहभागी फक्त ५० होते. दुसरीकडे, अश्वगंधेनंतर संप्रेरक अति वाढल्याची आणि यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. लेव्होथायरॉक्सिन चालू असताना ती डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, गरोदरपणात तर नाहीच. कांचनार गुग्गुळ आयुर्वेदात गलगंडासाठी परंपरेने देतात. तो वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावा आणि त्याच्या भरवशावर चालू गोळी थांबवू नये.

तयार मिश्रणांत आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते. २०१३ मध्ये अमेरिकेत दहा ‘थायरॉइड’ पूरके तपासली गेली, तेव्हा नऊंमध्ये टी-३ संप्रेरक सापडले, पाचांत टी-४. अशा गोळीने चार दिवसांत तरतरी येते ती खऱ्या संप्रेरकाची, मोजमाप नसलेल्या. भारतात आरोग्यपूरकाच्या लेबलवर ते औषधी वापरासाठी नसल्याचे छापावे लागते, आणि १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत गलगंडही आहे. म्हणून ‘थायरॉइड मुळापासून बरा’ असे लिहिलेला डबा परत ठेवावा.

कोबी, फ्लॉवर, बाजरी खाल्ल्याने थायरॉइड बिघडतो ही भीती या पूरकांच्या जाहिरातींतूनही पसरते. बाजरीतल्या फ्लॅव्होनॉइड नावाच्या काही वनस्पतिजन्य रसायनांचा सुदानमधल्या गलगंडाशी संबंध दाखवला गेला, पण तिथे आयोडीनचीही कमतरता होती आणि बाजरी हेच मुख्य अन्न होते. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात शिजवलेला कोबी आणि बाजरीची भाकरी बंद करण्याचे कारण नाही. गहू सोडायचा तो सीलिअॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार, तपासणीत निघाला तरच.

गरोदरपण

गोळी चालू असलेल्या स्त्रीला दिवस राहिल्यास डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. त्यासाठी पाळी चुकून चाचणी सकारात्मक आली की लगेच डॉक्टरांना गाठावे, पहिल्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. नेमके दुसऱ्या तिमाहीपासून सरकारी कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोहाची एक आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या सुरू होतात, म्हणजे शोषणात अडथळा आणणाऱ्या दोन्ही गोष्टी एकदम. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचे नसतात. वेळा अशा बसवता येतात: सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, सातला चहा-नाश्ता, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी पाचच्या सुमारास लिंबू-पाण्याबरोबर लोह, रात्री जेवणानंतर दुसरे कॅल्शियम. लोहाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. बाळंतपणानंतर थायरॉइडचा डोस आधीच्या मात्रेवर आणून सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. लोह-कॅल्शियम पुढे सहा महिने चालू राहते, त्यामुळे हेच वेळापत्रक तेव्हाही पाळावे.