डच ग्रामजीवनाचे प्रवासपट

नेदर्लंड्समधील कोळ्यांची व शेतकऱ्यांची गावे, तेथील पेहराव, पवनचक्क्या, चीजबाजार आणि फुलशेती दाखवणारे, बहुधा एका रिळाचे अनुबोधपट. मुख्य चित्रपटाआधी ते दाखवले जात. निर्मिती मुख्यतः फ्रेंच, ब्रिटिश व अमेरिकन कंपन्यांची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून साधारणपणे १९६० पर्यंत हा प्रकार चालू होता. दूरचित्रवाणी आल्यावर चित्रगृहांतून तो हळूहळू नाहीसा झाला.

एक रीळ म्हणजे ३५ मिमी. रुंदीची कमाल सुमारे १,००० फूट फीत. फुटाला १६ चौकटी (एकेक स्थिरचित्र) बसतात. त्यामुळे सेकंदाला १६ चौकटींच्या मूकपटाच्या गतीने ती पावणेसतरा मिनिटे चालते, तर बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने जेमतेम अकरा मिनिटे. मूकपटकाळातले प्रवासपट मात्र पूर्ण रीळ भरत नसत; १०० ते १५० मीटर, म्हणजे पाच ते आठ मिनिटे, ही नेहमीची लांबी. एवढ्या वेळात देश उरकायचा म्हटल्यावर ॲम्स्टरडॅमहून एका दिवसात जाऊन येता येईल तेवढाच नेदर्लंड्स पडद्यावर आला, यात नवल नाही.

उगम : हा प्रकार कशातून निघाला याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे त्याचे मूळ जादूच्या कंदिलावरील (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यावरील) सचित्र प्रवासव्याख्यानांत आहे. जॉन स्टॉडर्ड व त्याच्यामागून बर्टन होम्स यांनी अमेरिकेत अशी व्याख्याने लोकप्रिय केली आणि होम्सने १८९७ पासून त्यांना हलत्या चित्रांची जोड दिली. दुसरे मत ल्युमिएर बंधूंच्या व बायोग्राफ कंपनीच्या मिनिटभराच्या दृश्यांकडे बोट दाखवते. बायोग्राफची डच शाखा १८९८ मध्ये निघाली होती. दोन्ही मते घडणीपुरती पटण्यासारखी आहेत. परंतु कॅमेरा ॲम्स्टरडॅमजवळच्या फोलेंडाम आणि मार्केन याच दोन गावांत पुनःपुन्हा का उभा राहिला, याचा उलगडा त्यांतून होत नाही.

त्यासाठी चित्रपटाच्याही मागे जावे लागते. आंरी आव्हार या फ्रेंच लेखकाने १८७३ मध्ये झाउडर झे या उथळ समुद्राच्या काठची, भरभराट ओसरलेली गावे गलबतातून पाहिली आणि पुढच्याच वर्षी त्यांवर पुस्तक काढले. ते वाचून चित्रकार येऊ लागले. फोलेंडामला लेंडर्ट स्पांडरने १८८१ मध्ये हॉटेल उघडले. तेथे उतरलेल्या चित्रकारांची अनेक चित्रे हॉटेलात राहिली व आजही भिंतींवर आहेत. पुढे वाफेची ट्राम आसपासपर्यंत पोचली. म्हणजे पहिला कॅमेरावाला आला तेव्हा गावकऱ्यांना परक्यासमोर उभे राहण्याची सवय झालेली होती, कोणत्या दारात, कोणत्या उजेडात हेही ठरून गेले होते. प्रवासपटांतील दृश्यरचना व्याख्यानांपेक्षा या चित्रांशी व त्यांवरून निघालेल्या पोस्टकार्डांशी अधिक जुळते; म्हणून हे तिसरे मत जास्त ग्राह्य धरावे.

पेहराव व त्यांची ओळख : पडद्यावर ‘डच वेश’ म्हणून मिरवणारी, दोन्ही बाजूंना टोके वर वळलेली लेसची टोपी फक्त फोलेंडामची, पुरुषांच्या ढगळ काळ्या विजारीही तेथल्याच. शेजारचे मार्केन तेव्हा बेट होते. फोलेंडाम कॅथलिक, मार्केन प्रॉटेस्टंट, आणि दोघांचे कपडे अगदी निराळे : मार्केनच्या स्त्रियांच्या अंगावर एकावर एक चढवलेल्या रंगीत, फुलाफुलांच्या चोळ्या असतात. खांद्यावर खळीने ताठ केलेली रुंद पट्टी दिसली तर गाव स्पाकेनबुर्ख. निवेदनात हे सगळे सर्रास एक केलेले आढळते. मार्केनचे मुलगेही सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झग्यातच असत, त्यामुळे त्यांना मुली समजण्याची चूक सहज होते. स्टापहोर्स्टसारखी कर्मठ गावे या पटांत फारशी नाहीत. तेथे छायाचित्र काढू देण्यालाच लोकांची नाराजी असे.

घरांवरूनही गाव ओळखता येते. मार्केनची लाकडी घरे पुराच्या भीतीने मातीच्या उंचवट्यांवर किंवा खांबांवर एकमेकांना खेटून उभी आहेत. फोलेंडामची बांधालगत ओळीने. १९१६ च्या जानेवारीतील महापुरानंतर समुद्रच बंद करण्याचे ठरले व २८ मे १९३२ रोजी आफस्लाउटडाइक या बांधाचे तोंड बुजले. खारे पाणी गोडे होत गेले, हेरिंग व अँचोवी यांची मासेमारी बसली. त्यानंतरच्या पटांत धक्क्यावर जाळी विणणारे कोळी दिसतात ते या गोष्टीचा उच्चार न होता.

रंग : पाते या फ्रेंच कंपनीच्या पटांत रंग साच्याने भरत. दर रंगासाठी एक वेगळी प्रत घेऊन, रंग हवा तेवढाच भाग दर चौकटीत सुईने कापून काढत; मग या छिद्रांच्या फितीखाली दाखवायची प्रत धरून मखमली पट्ट्याने रंग चढवला जाई. कापण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करत. दोन फिती केसभर सरकल्या तरी टोपीचा निळा रंग गालावर येतो. अल्फ्रेड माशँ या दिग्दर्शकाने १९१० च्या सुमारास डच शिरोभूषणांवर केलेला लघुपट या तंत्राला साजेसाच : चेहरा जवळ, हालचाल थोडी, रंगाचे क्षेत्र स्पष्ट.

रंगीत चित्रणाचा, तीन निगेटिव्हांचा टेक्निकलर कॅमेरा १९३२ मध्ये आला. तो विकत मिळत नसे. चालक व रंगसल्लागार यांच्यासह भाड्याने घ्यावा लागे. त्याला लख्ख उजेड लागे आणि डच आकाश तर बरेचदा झाकोळलेले. जेम्स फिट्झपॅट्रिकच्या, एमजीएम या अमेरिकन कंपनीसाठीच्या प्रवासपटमालिकेत १९३४ मध्ये ट्यूलिपच्या बहरावर एक भाग निघाला. हा बहर एप्रिल-मेमधील काही आठवडेच टिकतो, तेव्हा चित्रण त्याच काळातले. निवेदन व संगीत नंतर स्टुडिओत चढवत. स्वतः फिट्झपॅट्रिकच निवेदक असे आणि शेवटी जड अंतःकरणाने निरोप घेण्याची त्याची पद्धत पुढे विडंबनाचा विषय झाली.

गती व दिशा तपासणे : जुन्या प्रतींत दोन दोष वारंवार सापडतात, आणि दोन्ही पवनचक्कीवरून पकडता येतात. चक्कीवाला वेग मोजतो तो मिनिटाला किती पाती खालून गेली यावर. पाती चार, तेव्हा मिनिटाला १५ फेरे म्हणजे ६० पाती. चांगल्या वाऱ्यात हा आकडा साधारण ६० ते ९० असतो. सोळाच्या गतीने टिपलेली फीत चोवीसने चालवली की सगळे दीडपट होते : ७० च्या जागी १०५ पाती मोजली जातात. माणसे लगबगीने चालताना दिसतात ती विनोद म्हणून खपून जातात, चक्की खपत नाही. मात्र मूकपटकाळी कॅमेरा हातानेच फिरवत, म्हणून एकाच रिळात सेकंदाला १४ ते २० चौकटी असा फरक पडू शकतो. प्रत्येक दृश्य वेगळे तपासावे. दुसरा दोष फीत उलटी छापली जाण्याचा. डच चक्की समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. ती सुलट फिरताना दिसली आणि चक्कीची पाठ आपल्याकडे नसेल, तर डावे-उजवे बदललेले आहे. गावाचा नकाशा घेऊन बांध कोणत्या हाताला येतो हे पाहण्यापेक्षा ही खूण झटपट.

जतन : सुमारे १९५१ पर्यंतची ३५ मिमी. फीत नायट्रेटची. ती प्रथम पिवळसर होते, मग चिकटते, फेसाळते व अखेर तिची भुकटी होते; चिकटलेले रीळ ओढून सोडवू नये. फीत सुमारे एक टक्का आकसली तरी प्रक्षेपकाचे दाते भोके फाडतात. टेक्निकलरच्या रंगछाप प्रती टिकाऊ आहेत, उलट १९५० नंतरच्या ईस्टमनकलर प्रती किरमिजी पडतात. पूर्वी काही संग्रहालयांनी रंगीत मूकपट कृष्णधवल फितीवर उतरवून घेतले व तेवढ्यात मूळ रंग गेले. ॲम्स्टरडॅमच्या आय चित्रपट संग्रहालयातील जां डेस्मेट या वितरकाचा, मूळ रंग राखलेला संग्रह त्यामुळेच मोलाचा; २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

कालनिश्चितीसाठी ईस्टमन कोडॅक फितीच्या कडेवरील खुणा उपयोगी पडतात, पण त्या वीस वर्षांनी पुन्हा येतात : १९१७ ची खूण १९३७ व १९५७ लाही तीच. शिवाय ती फीत बनल्याचे वर्ष सांगते, चित्रण झाल्याचे नव्हे. मार्केनला जाणारा बांधावरचा रस्ता दिसला तर दृश्य १९५७ च्या आधीचे नाही.