ताप मोजून साथ थांबते का?

२०२० मध्ये मॉल, बँक, सोसायटी कुठंही जा, वॉचमन आधी कपाळावर ती थर्मल गन धरायचा, आकडा न बघताच मान हलवायचा आणि आत सोडायचा. कधीकधी तर ३३ डिग्री दाखवायची, म्हणजे हा माणूस चालतोय कसा असा प्रश्न पडावा. पण यामागची आयडिया, म्हणजे आजारी दिसेल त्याला शोधा आणि बाजूला काढा, ही काही फालतू नव्हती. २००३ च्या सार्समध्ये ती चालली होती, आणि जबरदस्त चालली होती.

सार्स म्हणजे कोरोनाचाच मोठा भाऊ. फेब्रुवारी २००३ मध्ये चीनमधले एक डॉक्टर आजारी अवस्थेत हाँगकाँगला आले, मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले, आणि तिथल्या इतर पाहुण्यांमार्फत तो व्हायरस व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडा असा पसरला. एकूण ८ हजारांच्या आसपास लोकांना झाला, त्यातले ७७४ गेले, म्हणजे साधारण दहातला एक. कोरोनापेक्षा कितीतरी जास्त मारक. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. तरी जुलै २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं.

कसं काय? तर सार्सचा पेशंट आधी आजारी पडायचा आणि मग पसरवायचा. त्याच्या शरीरात व्हायरस सगळ्यात जास्त असायचा तो लक्षणं सुरू झाल्यावर साधारण आठवड्या-दीड आठवड्यानं, तोपर्यंत तो बिचारा तापाने फणफणून हॉस्पिटलात पोचलेला असायचा. म्हणून लागण झालेल्यांत साधारण पाचातला एक जण हॉस्पिटलचा स्टाफ होता. साथीचा धोका जगाला सगळ्यात आधी ओळखून सांगणारे डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतःच त्यात गेले. पण याचाच उलटा फायदाही झाला, पेशंट वेगळे ठेवले, स्टाफला नीट मास्क-गाऊन दिले, पेशंटच्या संपर्कातले लोक घरी बसवले की साखळी तुटायची. (विमानतळावरच्या स्कॅनरना मात्र तेव्हाही फारसं कुणी सापडलं नव्हतं, हे आपण सोयीस्कर विसरलो.)

२००४ मध्ये साथींचा अभ्यास करणारे संशोधक क्रिस्टोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी याचं गणितच मांडलं. साथ आवरता येईल का, हे एका पेशंटकडून किती जणांना लागण होते एवढ्यावरच ठरत नाही, तर त्यातली किती लागण लक्षणं दिसायच्या आधीच होऊन जाते यावरही ठरतं. आजार किती भयंकर आहे हा प्रश्न यात कुठेच नाही, आणि बातम्यांमध्ये मात्र तोच सगळ्यात आधी विचारला जातो!

कोरोना नेमका या दुसऱ्या मुद्द्यावर निसटला. तो नाक-घशातच भराभर वाढतो, आणि लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो वाटत फिरतो, काहींना तर लक्षणं येतच नाहीत. मग थर्मल गन काय करणार? धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत होम क्वारंटाइन शक्यच नव्हतं, तेव्हा महापालिकेनं पेशंटच्या संपर्कातले लोक, आजारी दिसोत न दिसोत, उचलून शाळांमध्ये, हॉलमध्ये ठेवले. लक्षणांची वाट न बघणं हाच त्यातला शहाणपणाचा भाग. तरी व्हायरस किती गुपचूप फिरतो बघा, जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचा सर्व्हे झाला तर झोपडपट्टीतल्या साधारण ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेला होता, आणि बहुतेकांना पत्ताच नव्हता.

त्यामुळे पुढचा नवीन व्हायरस आला की मला तरी पहिला प्रश्न हाच पडेल, की हा लक्षणांच्या आधी पसरतो का? नसेल तर सार्ससारखं काम करा, पेशंट शोधा. पसरत असेल तर कोण आजारी हे माहीत नसतानाही चालतील असेच उपाय लागतात, आणि त्यात मास्क आला आणि हवा आली. बोलताना, श्वास सोडतानासुद्धा बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तासनतास तरंगू शकतात, तिथं सहा फुटांचं अंतर फार कामाचं नाही. एन-९५ मास्कच्या कापडात विजेचा भार असतो, तो हे बारीक कण ओढून धरतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, नाकाखाली लटकवून नाही. आणि आपल्याकडचा नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, तेव्हा ऑफिसात, क्लासमध्ये एसी लावला तरी एखादी खिडकी किलकिली ठेवा, शक्य असेल तर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, बिल थोडं वाढेल.