कूळ कायदा वेगळा, सीलिंग वेगळं

शिरोळ-करवीरकडं 'आमची जमीन सीलिंगमध्ये मिळाली' असं माणसं सर्रास सांगतात. सातबारा बघावा, तर 'इतर हक्क' रकान्यात 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा. म्हणजे ती कुळाची, खंडानं दुसऱ्याचं रान कसणाऱ्याची जमीन. सीलिंगशी, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्याशी, तिचा काही संबंध नाही.

कूळ कायदा १९४८चा, मुंबई प्रांताचा. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान त्यात विलीन झालं आणि तो इथल्या कुळांनाही लागू झाला. तो एवढंच विचारतो, रान कसतंय कोण? १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी खंडानं कसणारं कूळ मालक मानलं गेलं. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर मुदत पुढं जायची. जमीन फुकट नव्हती. शेतजमीन न्यायाधिकरण शेतसाऱ्याच्या २० ते २०० पट किंमत ठरवायचं, ती फेडली की कलम ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र. अशी जमीन विकायला कलम ४३ खाली परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते.

गावाबाहेर राहून खंड खाणारा मालक या कायद्यानं गेला. त्याच्या जागी आलेला कसणारा शेतकरी पुढं ऊस लावून सहकारी साखर कारखान्याचा सभासद झाला, संचालक झाला, आमदारकीला उभा राहिला. गावचा कारभार कुणाच्या हातात, याचं उत्तर एका पिढीत बदललं. पण हे कुळापुरतंच. त्याच रानात रोजानं राबणारा मजूर कूळ नव्हता, त्याच्या नावावर गुंठाही चढला नाही.

त्याच्यासाठी होतं ते सीलिंग, १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा. यात कोण कसतो हा सवालच नाही. किती आहे ते मोजायचं. १९७५ पासून कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकर, जिरायत ५४ एकर. वरची जमीन सरकारकडं आणि तिथून मुख्यतः भूमिहीनांकडं. मोठा घाव बसला तो खासगी साखर कंपन्यांच्या शेतांवर. त्यातूनच १९६३ साली ती शेतं चालवणारं सरकारी शेती महामंडळ झालं. गावच्या बड्या बागायतदारानं मात्र वाटण्या दाखवून बरंच रान वाचवलं. माझ्या मते यात नवल नाही. कायदा करणाऱ्या सभागृहात तोवर त्याचीच माणसं बसली होती.

तुमची जमीन सीलिंगची असेल, तर उताऱ्यावर सहसा भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसेल. तिच्या विक्रीला त्या कायद्याचं कलम २९ लागतं. तिथं ४० पटीचा हिशेब घेऊन तलाठ्याकडं जाऊ नका.