घरातल्या वायफायवरची उपकरणं तुमची ओळख कशी पटवतात: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा मोबाइल घेतला, पासवर्ड बिनचूक टाकला, तरी खातं उघडत नाही. ओटीपी येतो, वर आणखी दोन प्रश्न विचारले जातात. त्याच वेळी हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपवर तेच खातं काही न विचारता उघडतं. सोलापुरात जुळे सोलापूर असो की अक्कलकोट रोड, नेटच्या जोडणीला किंवा दुरुस्तीला गेलो की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. काही जण नेटमध्येच बिघाड आहे असं समजून तक्रार नोंदवतात. बिघाड नसतो. समोरून लॉगिन करणारे तुम्हीच आहात का, हे ती सेवा तपासत असते, आणि त्या तपासणीत तुमच्या घरच्या वायफायवर जोडलेल्या वस्तूंचाही वाटा असू शकतो. हा वाटा कुठे कामाला येतो आणि कुठे फसवतो, हे प्रत्येक घराला माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पासवर्डच्या पलीकडे

ओळख पटवायचे तीन आधार सगळ्यांच्या परिचयाचे आहेत: तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा पिन, तुमच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे मोबाइल, सिम, कार्ड, आणि तुमचं शरीर, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत डिजिटल व्यवहारांसाठी, काही ठरावीक सवलती सोडल्या तर, किमान दोन आधार सक्तीचे आहेत. हे निर्देश लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. व्यवहार कुठून होतोय, उपकरण कोणतं आहे, ग्राहकाची नेहमीची सवय काय आहे, हे पाहून जोखीम ठरवण्याची मुभाही त्यांत बँकांना आहे.

घरचं नेटवर्क कामाला येतं ते या शेवटच्या भागात. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत करताना कागदपत्रं पाहून झाल्यावरही तुम्हाला ओळखणारे दोघं जण सही करायला लागतात. वायफायवरची उपकरणं तशीच साक्ष देतात. एखादा मोबाइल ‘मी अमुक ग्राहकाचा’ असं सांगतो, तेव्हा त्याच नेटवर्कवर त्या घरातला नेहमीचा टीव्ही, प्रिंटर, स्पीकर, लॅपटॉप दिसतात का, हे पाहिलं जाऊ शकतं. दिसले तर शंका कमी होते. चोराला तुमचा पासवर्ड मिळू शकतो, एसटी स्टँडच्या गर्दीत मोबाइलही लांबवता येतो. पण तुमचा भिंतीवरचा टीव्ही, भावाचा लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन त्याला सोबत नेता येत नाही. या पद्धतीची सगळी ताकद एवढ्यातच आहे.

सगळी उपकरणं कायम हजर असतील अशी अपेक्षा नसते. दुपारी वीज जाते, मुलगी लॅपटॉप घेऊन कॉलेजला जाते. म्हणून नीट आखलेली व्यवस्था ओळखीच्यांपैकी बरीचशी भेटली की समाधान मानते, आणि कमी भेटली तर थेट दार न लावता ओटीपी मागते. तो मागितला गेला तर चिडू नका. तपासणी चालू असल्याची ती खूण आहे.

कोणाला काय दिसतं

प्रत्येक वायफाय उपकरणाला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, असतो, बारा अक्षर-अंकांचा. तो तुमच्या राउटरपर्यंतच जातो. नेटवरून बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. सर्व्हरला दिसतो जोडणीचा बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक), आणि आधीच्या लॉगिनच्या वेळी ॲपने त्या उपकरणात ठेवलेली खूण. घरात आणखी काय काय जोडलेलं आहे हे कळायला मोबाइलमधल्या ॲपला स्थानिक नेटवर्कवर हाक द्यावी लागते. टीव्ही, स्पीकर, प्रिंटर तिला ओ देतात. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून अशा ॲपला आधी तुमची परवानगी घ्यावी लागते. मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकणारं ॲप असेल तर खुशाल द्या. टॉर्चचं किंवा पंचांगाचं ॲप ती मागत असेल तर नाकारा. तुमच्या घरातल्या वस्तूंची यादी त्याला कशाला हवी?

अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता एक बनवलेला पत्ता देतो, म्हणजे ठिकठिकाणी माग काढता येत नाही. सोय चांगली आहे. फक्त राउटरच्या यादीत अनोळखी पत्ता दिसला की लगेच शेजारच्यावर संशय घेऊ नका. तो तुमचाच मोबाइल असू शकतो. आयओएस १८ असलेल्या आयफोनवर घरच्या वायफायसाठी ‘फिक्स्ड’ हा पर्याय ठेवा, म्हणजे पत्ता बदलत राहणार नाही.

बाहेरच्या आयपी पत्त्यावर मात्र एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. पत्ते अपुरे असल्याने एकच पत्ता अनेक घरांमध्ये वाटला जातो. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसत असेल तर तुमची जोडणी तशी सामायिक आहे. त्यात गैर काही नाही. मात्र तुमच्या मागच्या गल्लीतलं घर आणि तुम्ही, बाहेरच्या सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकता.

ही ओळख घराची आहे, माणसाची नव्हे

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. सोलापूरच्या पूर्व भागात खाली कापडाचे माग आणि वर घर अशी कितीतरी घरं आहेत. राउटर एकच. त्यावर मालकांचा मोबाइल, हिशेबाचा कॉम्प्युटर, कामगारांचे मोबाइल, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि वरच्या मजल्यावर आजींचा टीव्ही. दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की त्यात दहा मोबाइलची भर. या नेटवर्कवर बसून मालकांचा मोबाइल मालकांनी उघडला काय किंवा भाच्याने उघडला काय, टीव्ही आणि प्रिंटर साक्ष तीच देणार. त्यांना हातातला माणूस दिसत नाही.

म्हणून घरच्या वायफायवर असणं हे पिनच्या जागी कधीच चालवून घेऊ नका. अँड्रॉइडमध्ये ठरावीक जागी असताना मोबाइलचं लॉक उघडंच ठेवण्याची सोय असते. दोघंच राहत असाल तर तुमचा निर्णय तुम्ही घ्या. पण जिथे दिवसभर माणसांची ये-जा आहे त्या घरात ती बंद ठेवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. यूपीआयचा पिन घरच्यांनाही सांगू नका. यूपीआय ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि ते ॲप त्या मोबाइलशी बांधलं जातं. त्यानंतर मोबाइल आणि पिन एकाच माणसाच्या हाती आले की पैसे जायला आणखी काही लागत नाही.

पुण्यातला मुलगा, सोलापुरातला टीव्ही

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन नोकरी करणारी मुलं घरच्याच खात्यावर सिनेमे पाहतात, आणि एक दिवस तिकडे ‘हा टीव्ही तुमच्या कुटुंबाचा नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. नेटफ्लिक्सने भारतात हा नियम जुलै २०२३ पासून लावला. एका छताखाली राहणारे ते एक कुटुंब, असं ते धरतात, आणि त्यासाठी आयपी पत्ता, उपकरणांची ओळख आणि खात्याचा वापर पाहतात. आम्ही राउटर बदलला किंवा तुमची जोडणी दुसरीकडे हलवली तर सोलापूरच्या टीव्हीलाही पुन्हा खात्री करून द्यावी लागू शकते. नोंदवलेला मोबाइल किंवा ईमेल हाताशी ठेवला की काम दोन मिनिटांचं आहे.

तुमच्याच घरातून केलेली चोरी

आता जे सांगतो ते घरातल्या ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवा. फोन येतो: “नेट कंपनीतून बोलतोय, तुमच्या राउटरचं केवायसी राहिलंय, आज रात्री जोडणी बंद होईल.” मग स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप उतरवायला सांगतात. ते उतरवलंत की तो माणूस कुठल्याही गावात बसलेला असो, तुमच्या पडद्यावर येणारा ओटीपी त्याला दिसतो आणि काही ॲपमधून तो तुमचं उपकरण स्वतः चालवू शकतो. बँकेच्या बाजूने पाहिलं तर उपकरण ओळखीचं, वायफाय घरचं, टीव्ही जागेवर, सगळं जुळतंय. जी साक्ष तुमच्या बाजूने उभी राहायची, ती त्याच्या बाजूने उभी राहते. एवढी भक्कम व्यवस्था अशी एका फोनवर हरते.

आमच्याकडून केवायसीसाठी, बिलासाठी, नेटच्या वेगासाठी कधीही कुठलंही ॲप उतरवायला सांगितलं जात नाही आणि ओटीपी विचारला जात नाही. तसा फोन आला तर ठेवून द्या आणि पावतीवरच्या नंबरवर आम्हाला विचारा. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच बँकेला कळवा, आमच्याकडे नंतर या. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

वायफायवर कोणाला घ्यायचं

साक्षीदार निवडून घेतलेले हवेत. पाहुणे, कामगार, भाडेकरू यांच्यासाठी राउटरमध्ये वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करून घ्या; नेट तेच मिळतं, पण नीट लावलं तर त्यावरच्या मोबाइलला तुमचा टीव्ही, प्रिंटर आणि डीव्हीआर दिसत नाहीत. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि राउटर, दोघांचेही कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएस बंद ठेवा. आठ आकडी पिनने जोडण्याच्या त्या सोयीतली कमजोरी २०११ सालीच उघड झाली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ या प्रकारची असावी. हे जमत नसेल तर सांगा, पुढच्या फेरीत आमचा माणूस करून देईल.

वायफायचा पासवर्ड वाटत सुटू नका, याला आणखी एक कारण आहे. कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद परवान्याच्या अटींप्रमाणे ठेवावी लागते. तुमच्या वायफायवरून दुसऱ्या कोणी गैरप्रकार केला तर चौकशी पहिल्यांदा येते ती जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडे.

आम्हाला काय दिसतं, तेही सांगणं आमचं काम आहे. आम्ही दिलेल्या राउटरमध्ये दुरून दुरुस्तीची सोय असते. तिच्यातून जोडलेल्या उपकरणांची यादी आणि सिग्नल दिसतो. तुमची तक्रार असल्याशिवाय आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय ती आम्ही उघडत नाही. बँकेच्या ॲपमध्ये तुम्ही काय टाकता, तुमचे मेसेज काय आहेत, हे कूटबद्ध असल्याने आम्हाला दिसतच नाही.

जुना मोबाइल किंवा टीव्ही विकायचा झाला तर त्यातली सगळी खाती लॉगआउट करून फॅक्टरी रीसेट करा, आणि खात्याच्या सेटिंगमधल्या उपकरणांच्या यादीतूनही त्याचं नाव काढा. नाहीतर तुमच्या वतीने बोलणारी वस्तू परक्याच्या घरी जाते. जोडणी बंद करून राउटर आम्हाला परत देतानाही तो आमच्या माणसाकडून तुमच्यासमोर रीसेट करून घ्या, मगच पावतीवर सही करा.