बॉट बोलायला वेळ लावतोय? सूचनेची पहिली ओळ बघा

"कालपर्यंत फटाफट उत्तर देत होता, आज पहिला शब्द यायलाच वेळ लागतोय" असा फोन आम्हाला सारखा येतो, आणि बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो, म्हणून हे एकदा नीट लिहून देतोय.

तुमच्या बॉटमागे लामा ३ हे मेटा कंपनीचं भाषा मॉडेल आहे, त्यातलं ८ अब्ज पॅरामीटरवालं. ते एकेक टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, लिहितं आणि पुढचं टोकन ठरवताना मागच्या सगळ्या टोकनांकडे बघतं, त्यासाठी प्रत्येक टोकनाची मॉडेलच्या ३२ च्या ३२ थरांत की आणि व्हॅल्यू, म्हणजे आकड्यांच्या रांगा, काढाव्या लागतात. त्या एकदा काढून आमच्या सर्व्हरमधल्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवल्या की नव्या टोकनापुरतंच गणित उरतं, हीच केव्ही (की-व्हॅल्यू) कॅश. तिच्यात तयार उत्तरं नसतात, त्यामुळे "कॅशमुळे जुना भाव सांगतोय का" ही शंका सोडा.

आता खरी चूक. सूचना म्हणजे दर प्रश्नाआधी बॉटला वाचायला दिलेला मजकूर. एका सराफांच्या सूचनेत सगळ्यात वर "आत्ताची वेळ १०:४२", मग सोन्याचा भाव, आणि त्याखाली घडणावळ, मोडीचे नियम, हॉलमार्क अशी तीनेक हजार टोकनं. खालचा मजकूर रोज तोच, पण १०:४३ झाले की वरचं टोकन बदललं, आणि टोकनाची की-व्हॅल्यू त्याच्या आधी काय लिहिलंय त्यावर ठरते, म्हणून तिथून खालचं सगळं बाद, परत पहिल्यापासून गणित, तेही दर मिनिटाला! वेळ आणि भाव खाली, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाच्या अगदी वर नेले, बाकी अक्षरही बदललं नाही, आणि बॉट पूर्वीसारखा बोलायला लागला.

"मग कॅश कायमची ठेवा ना" असंही विचारतात. या मॉडेलला एका टोकनामागे १२८ केबी लागतात, म्हणजे सराफांच्या सूचनेलाच जवळपास ३७५ एमबी, आणि कार्ड २४ जीबीचं, त्यातले सोळाएक मॉडेलच घेतं. म्हणून बराच वेळ कोणी काही विचारलं नाही तर ती जागा दुसऱ्या ग्राहकाच्या बॉटला देतो, सकाळचा पहिला प्रश्न त्यामुळेच जरा सावकाश जातो. एकाची कॅश दुसऱ्याला मात्र आम्ही कधीच वापरत नाही.

कॅशसाठी राखीव जागेचा प्लॅन आहे आमच्याकडे, पण आधी पहिली ओळ खाली न्या, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. जमत नसेल तर सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, क्रम लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.